व्हिस्कीची पारख

व्हिस्कीची पारख म्हणजे व्हिस्की या मद्याची घडण, वय, मुरवणीचे पिंप आणि तीव्रता लक्षात घेऊन तिची निवड करणे, तसेच रंग, गंध व चव यांच्या आधारे तिचा सावकाश आस्वाद घेणे होय. धान्य आंबवून, त्याचे ऊर्ध्वपातन करून आणि मिळालेला अर्क लाकडी पिंपांत मुरवून व्हिस्की तयार होते, ही तिची जगभर रूढ असलेली व्याख्या आहे. भारतात मात्र ‘व्हिस्की’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मद्याचा मोठा भाग उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या आणि पिंपात न मुरवलेल्या तटस्थ मद्यार्कावर आधारलेला असतो. त्यामुळे भारतीय ग्राहकाला बाटलीवरील ‘व्हिस्की’ या एका शब्दावरून फारसे काही कळत नाही. लेबलावरील इतर शब्द व आकडे वाचता येणे हाच येथे पारखीचा पाया ठरतो.

महाराष्ट्रात या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. राज्यात दारूबंदी अधिनियम लागू असून मद्य विकत घेणे, जवळ बाळगणे आणि पिणे यांसाठी परवाना आवश्यक आहे.

निर्मिती

माल्ट व्हिस्कीचा कच्चा माल जव (सातू) हे धान्य आहे. जव पाण्यात भिजवून त्याला मोड आणले जातात. मोड येताना धान्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करू शकणारी विकरे तयार होतात. त्यानंतर उष्णता देऊन मोडांची वाढ थांबवली जाते. अशा मोड आणून वाळवलेल्या जवास ‘माल्ट’ म्हणतात. वाळवताना इंधन म्हणून पीट, म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, जाळल्यास त्याचा धूर धान्यात शिरतो. काही व्हिस्कींना येणारा धुरकट गंध येथूनच आलेला असतो.

माल्ट दळून गरम पाण्यात कालवल्यावर गोड द्रव मिळतो. त्यात यीस्ट घालून तो आंबवला जातो आणि सुमारे ७ ते ९ टक्के मद्यार्क असलेले, बिअरसारखे द्रावण तयार होते. तांब्याच्या भांड्यांतून त्याचे साधारणपणे दोनदा ऊर्ध्वपातन होते. सुरुवातीला व शेवटी निघणारा अर्क बाजूला काढून फक्त मधला भाग घेतला जातो. हा ताजा अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. रंग आणि गंधाचा मोठा वाटा त्याला पिंपात मुरताना लाकडाकडून मिळतो.

प्रमुख प्रकार

स्कॉच व्हिस्कीची व्याख्या ब्रिटनमधील २००९ च्या नियमांनी निश्चित केली आहे. त्यानुसार ती स्कॉटलंडमध्येच तयार झालेली असावी, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरलेली असावी आणि बाटलीत तिची तीव्रता किमान ४० टक्के असावी. रंगासाठी साधे कॅरॅमल घालण्याची मुभा आहे; कृत्रिम चव मिसळता येत नाही. या नियमांत स्कॉचचे पाच प्रकार सांगितले आहेत:

‘सिंगल माल्ट’ : एकाच आसवनीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या भांड्यांतून ऊर्ध्वपातित केलेली.
‘सिंगल ग्रेन’ : एकाच आसवनीतील, परंतु गहू, मका अशी इतर धान्येही वापरलेली.
‘ब्लेंडेड माल्ट’ : दोन किंवा अधिक आसवन्यांतील सिंगल माल्टचे मिश्रण.
‘ब्लेंडेड ग्रेन’ : दोन किंवा अधिक आसवन्यांतील सिंगल ग्रेनचे मिश्रण.
‘ब्लेंडेड स्कॉच’ : माल्ट व ग्रेन यांचे मिश्रण.

‘सिंगल’ हा शब्द एका आसवनीचा निर्देश करतो, एका पिंपाचा नव्हे. सिंगल माल्टच्या बाटलीत अनेक पिंपांतील व्हिस्की एकत्र केलेली असू शकते. एकाच पिंपातील व्हिस्कीला ‘सिंगल कास्क’ म्हणतात.

आयरिश व्हिस्कीसही किमान ३ वर्षांची मुरवणी आवश्यक असते. अमेरिकेतील बर्बन या प्रकारात किमान ५१ टक्के मका वापरावा लागतो आणि ती आतून जाळून कोळसवलेल्या नव्या ओकच्या पिंपांत मुरवावी लागते. बर्बनसाठी पिंप पुन्हा वापरता येत नसल्याने अशी वापरलेली पिंपे मोठ्या प्रमाणावर स्कॉटलंड व भारतातील आसवन्यांकडे जातात.

भारतातील ‘व्हिस्की’

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मद्यविषयक नियमावली २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून अंमलात आली. तिने व्हिस्कीची व्याख्या व्यापक ठेवली असून तटस्थ मद्यार्कावर आधारित मिश्रणांनाही हे नाव वापरता येते. स्कॉटलंडप्रमाणे ३ वर्षे मुरवण्याची सरसकट अट भारतात नाही. येथील बहुतांश व्हिस्कीत तटस्थ मद्यार्क, थोडी माल्ट व्हिस्की, काही वेळा आयात केलेली स्कॉच, पाणी आणि कॅरॅमल रंग यांचे मिश्रण असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मळीच्या मद्यार्कापासून बनवलेले पेय व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

मळीचा वापर होण्यामागे आर्थिक कारण आहे. साखर कारखान्यांतून मळी मुबलक मिळते आणि तिच्यापासून मद्यार्क काढणे धान्याच्या तुलनेत स्वस्त पडते. धान्याचा वापर हा महाराष्ट्रात वादाचाही विषय ठरला आहे. राज्य शासनाने २००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मका अशा धान्यांपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांना अनुदान देण्याचे धोरण आखले, तेव्हा अन्नधान्य मद्याकडे वळवण्यावर सामाजिक कार्यकर्त्यांनी तीव्र टीका केली होती.

लेबलवाचन

तीव्रता : भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा आढळतो. जुन्या ब्रिटिश ‘प्रूफ’ पद्धतीत १०० अंश म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. त्याचे ७५ अंश म्हणजे ४२.८ टक्के. याच कारणाने अनेक बाटल्यांवर ‘७५ अंश प्रूफ’ किंवा ‘२५ अंडर प्रूफ’ असेही छापलेले असते. ‘कास्क स्ट्रेंथ’ म्हणजे पाणी घालून तीव्रता ठरावीक आकड्यावर न आणता बाटलीत भरलेली व्हिस्की. ती अनेकदा ५५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून तीव्र असते आणि पिताना तिच्यात पाणी घालणे अपेक्षित असते.

वय : स्कॉचच्या बाटलीवर १२ वर्षे लिहिले असल्यास तो आकडा मिश्रणातील सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. काही जुन्या आणि काही तरुण व्हिस्की मिसळल्या तरी लेबलावर सरासरी देता येत नाही. वयाचा आकडा नसणे हा दोष नव्हे, परंतु अशा वेळी ग्राहकाला इतर तपशिलांवर अवलंबून राहावे लागते.

पिंप : बर्बनच्या पिंपातून व्हॅनिला, नारळ, मध असे गंध येतात. स्पेनमधील शेरी या वाइनच्या संस्कारित पिंपातून मनुका, खजूर, अंजीर यांची आठवण करून देणारे गंध व गडद रंग मिळतो. व्हिस्की मुख्यतः एका पिंपात मुरवून अखेरीस काही काळ दुसऱ्या पिंपात ठेवलेली असल्यास लेबलावर तसा उल्लेख असतो.

गाळण व रंग : थंड केल्यावर किंवा पाणी घातल्यावर काही व्हिस्की गढूळ दिसते. हे टाळण्यासाठी ती थंड करून गाळली जाते; त्यात काही मेदयुक्त घटक निघून जातात. तीव्रता ४६ टक्के किंवा अधिक ठेवल्यास गढूळपणाची अडचण सहसा येत नाही. ‘शीतगाळण न केलेली’ व्हिस्की ४६ टक्क्यांची असण्याचे कारण हेच आहे. कॅरॅमल घालता येत असल्याने गडद रंग हा जास्त वयाचा पुरावा मानता येत नाही.

विक्रीचे राज्य : भारतात मद्यावरील कर राज्यागणिक वेगळा असतो. बाटली कोणत्या राज्यात विक्रीसाठी आहे, हे लेबलावर छापलेले असते. गोव्यातील बाटलीवर ती फक्त गोव्यात विक्रीसाठी असल्याचे नमूद असते.

किंमत : किरकोळ किमतीचा मोठा भाग कराचा असल्याने किमतीवरून दर्जाचा थेट अंदाज बांधता येत नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट करण्याचा निर्णय घेतला. निर्मितिमूल्य लिटरला २६० रुपयांपर्यंत असलेल्या मद्याला तो लागू आहे. त्याच वेळी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित मद्याचा नवा प्रवर्गही जाहीर झाला. परदेशी व्हिस्कीवर दीर्घकाळ १५० टक्के आयात शुल्क होते. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांनी स्वाक्षरी केलेल्या व्यापार करारात स्कॉचवरील शुल्क प्रथम ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची तरतूद आहे.

हवामान आणि वय

पिंप पूर्णपणे हवाबंद नसते. मुरताना व्हिस्कीचा काही भाग लाकडातून बाष्परूपाने उडून जातो. या घटीला व्यवसायात ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत ही घट वर्षाला सुमारे २ टक्के असते. गोव्यात ती सुमारे ८ टक्के, तर बंगळूरमध्ये १० ते १२ टक्क्यांपर्यंत असल्याचे उत्पादक सांगतात.

या फरकाचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. स्कॉटलंडमध्ये १०० लिटर अर्क पिंपात भरल्यास १२ वर्षांनी सुमारे ७८ लिटर उरतो. गोव्यातील ८ टक्क्यांच्या दराने तेवढ्याच काळात सुमारे ३७ लिटरच हाती लागतो, आणि ५ वर्षांनीही केवळ ६६ लिटर शिल्लक असतो. उष्णतेमुळे अर्काची लाकडाशी होणारी क्रियाही जलद होते. एखाद्या भारतीय सिंगल माल्टला पाच-सहा वर्षांत जो गडदपणा येतो, त्यासाठी स्कॉटलंडमध्ये कितीतरी अधिक काळ लागू शकतो. अधिक काळ ठेवल्यास लाकडाचा तुरटपणा वरचढ होण्याचाही धोका असतो. म्हणूनच बहुतेक भारतीय सिंगल माल्टवर वयाचा आकडा नसतो. स्कॉचच्या वयाची फूटपट्टी भारतीय व्हिस्कीला लावणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

भारतीय सिंगल माल्ट

बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजची स्थापना १९४८ मध्ये जे. एन. राधाकृष्ण जगदाळे यांनी केली. या कंपनीने २४ ऑगस्ट २००४ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट प्रथम बाजारात आणली. व्हिस्कीच्या माहेरघरातच परीक्षा देण्याचा हा निर्णय होता. भारतीय जव आणि पीटच्या धुरावर वाळवलेला स्कॉटिश जव यांच्या संयोगातून तयार केलेल्या ‘अमृत फ्यूजन’ला समीक्षक जिम मरे यांनी आपल्या २०१० च्या मार्गदर्शक ग्रंथात जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवले. त्यानंतर भारतीय सिंगल माल्टकडे परदेशी ग्राहकांचे लक्ष वेधले गेले.

गोव्यात जॉन डिस्टिलरीज या कंपनीची आसवनी दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे आहे. कंपनीचे संस्थापक पॉल पी. जॉन यांच्या नावाने ‘पॉल जॉन’ ही सिंगल माल्ट ओळखली जाते. ती २०१२ मध्ये लंडनमध्ये प्रथम सादर झाली. तिच्या तीन प्रमुख आवृत्त्या पीटचा परिणाम समजून घेण्यासाठी उपयोगी आहेत: ‘ब्रिलियन्स’मध्ये पीटचा वापर नाही, ‘एडिटेड’मध्ये तो थोडा आहे आणि ‘बोल्ड’मध्ये ठळक आहे. तिन्हींची तीव्रता ४६ टक्के आहे. जव भारतीय असून पीट स्कॉटलंडमधून आणले जाते.

उत्तर प्रदेशातील रामपूर आसवनीची ‘रामपूर’ ही सिंगल माल्ट २०१६ मध्ये, तर हरियाणातील ‘इंद्री’ २०२१ मध्ये बाजारात आली. महाराष्ट्रात पेर्नो रिकार इंडिया या कंपनीची ‘लाँजिट्यूड ७७’ ही सिंगल माल्ट नाशिक जिल्ह्यात तयार होते. याच कंपनीने नागपूरजवळील बुटीबोरी येथे मोठी माल्ट आसवनी उभारण्यासाठी २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला.

आस्वादनाची पद्धत

आस्वादनासाठी बुडाशी फुगीर व तोंडाशी निमुळता काचेचा पेला सोयीचा असतो, कारण त्यात गंध एकवटतो. १५ ते ३० मिलिलिटर व्हिस्की पुरेशी असते. प्रथम रंग व पेल्याच्या कडेने ओघळणारे थेंब पाहतात. नंतर तोंड किंचित उघडे ठेवून, नाक पेल्यात न खुपसता, थोड्या अंतरावरून वास घेतात. एकदम खोल श्वास घेतल्यास मद्यार्काच्या झोताने नाक बधिर होते. घोट लहान घेऊन तो काही क्षण जिभेवर फिरवतात आणि गिळल्यावर मागे राहणारी चव किती काळ टिकते याकडे लक्ष देतात.

थोडे पाणी घातल्याने व्हिस्की बिघडते, हा समज बरोबर नाही. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिमानाच्या आधारे दाखवले, की पाण्याने तीव्रता उतरल्यावर धुरकट गंध देणारा ग्वायाकॉल हा घटक द्रवाच्या पृष्ठभागाजवळ येतो आणि गंध अधिक जाणवू शकतो. बर्फामुळे मात्र गंध दबतो. सोडा घालून पिण्याची पद्धत भारतात सर्वत्र आहे आणि साध्या मिश्रणांना ती मानवतेही. सूक्ष्म गंधांची तुलना करायची असेल तेव्हा ती टाळतात. तिखट व मसालेदार चखण्यामुळेही चव झाकली जाते.

गंधाचे वर्णन करताना परदेशी पुस्तकांतील फळे व मिठाया यांच्या नावांवर अवलंबून राहण्याची गरज नसते. वर्णनाचा उपयोग पुढच्या वेळी तीच चव ओळखता येण्यासाठी असल्याने परिचित वासांचा आधार अधिक भरवशाचा ठरतो. काकवी, भाजलेला रवा, सुंठ, वेलदोडा, पिकलेले केळे, जुने सागवानी कपाट, चुलीचा धूर किंवा दवाखान्यातील टिंक्चर या मराठी घरांतील ओळखीच्या खुणा त्या कामी येतात. नवशिक्याने एकावेळी दोन व्हिस्की शेजारी ठेवून एकाच बाबतीत तुलना करावी, उदाहरणार्थ पीट असलेली व नसलेली, किंवा बर्बनच्या पिंपातील व शेरीच्या पिंपातील. तीन-चारपेक्षा अधिक नमुन्यांनंतर जिभेचा व नाकाचा निवाडा विश्वासार्ह राहत नाही.

महाराष्ट्रातील कायदा

मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ संमत झाला. त्यास एफ. एन. बलसारा यांनी न्यायालयात आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यूडीकोलोन इत्यादी पदार्थ बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी दिलेल्या निकालात अधिनियमाचा बहुतांश भाग वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने बाळगण्यास, विकण्यास व वापरण्यास मनाई करणाऱ्या तरतुदी मात्र रद्द झाल्या. कोलोन वापरण्यास मुभा मिळाली, व्हिस्कीवरील बंदी कायम राहिली.

ही बंदी १९६० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेली, परंतु अधिनियम रद्द झालेला नाही. आज तो ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने लागू आहे. मद्यसेवनासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत एकदिवसीय, वार्षिक व आजीवन परवाने दिले जातात. व्हिस्कीसारख्या तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती.

पनवेल परिसर

ब्रिटिश काळात उरण हे पनवेल तालुक्यात समाविष्ट होते आणि मुंबईला मद्य पुरवणारे ऊर्ध्वपातनाचे मोठे केंद्र होते. तेथील भट्ट्या मुख्यतः पारशी व्यावसायिकांच्या होत्या आणि तेथे मोहाच्या फुलांपासून दारू काढली जाई. मुंबई आबकारी कायदा, १८७८ या कायद्याने मद्यनिर्मितीवरील सरकारी नियंत्रण कडक केले. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. देशी दारू आणि विलायती मद्य यांना वेगवेगळा कर व वेगवेगळे परवाने ही विभागणी त्या काळातली आहे. ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ हा आजचा प्रवर्ग त्याच विभागणीचा वारसा सांगतो.

पनवेलहून सुरू होणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ कोकणातून गोव्यात व पुढे कन्याकुमारीपर्यंत जातो. कुंकळ्ळी याच मार्गावर आहे. गोव्यात कर कमी असल्याने तेथील मद्य स्वस्त मिळते. मात्र फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य विनापरवाना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा असून राज्य उत्पादन शुल्क विभाग या मार्गावर तपासणी करतो. त्यामुळे गोव्यातील बाटलीवरील राज्याचे नाव हा पनवेलकडे परतणाऱ्या प्रवाशासाठी केवळ तांत्रिक तपशील राहत नाही.

आरोग्य

४२.८ टक्के तीव्रतेच्या ६० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. सिंगल माल्टमधील आणि स्वस्त मिश्रणातील मद्यार्क शरीराच्या दृष्टीने एकच असतो. महाग किंवा दीर्घकाळ मुरलेली व्हिस्की त्यामुळे कमी अपायकारक ठरत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्ययुक्त पेयांचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. मद्यसेवनाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. गर्भावस्था, यकृताचे विकार, वाहन चालवणे आणि झोपेची किंवा मानसिक आजारांची औषधे सुरू असणे या स्थितींत मद्य पूर्णपणे वर्ज्य मानले जाते. व्यावसायिक परीक्षक अनेक नमुने तपासताना घोट न गिळता थुंकून टाकतात. गंध व चवीची नोंद घेण्यासाठी तेवढे पुरते.